न्यायमूर्ती लोडर : सागरी कायद्याचा वकील ते जागतिक न्यायालयाचा पहिला अध्यक्ष

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय आपल्या महाविद्यालयांत राज्यशास्त्र आणि विधी या दोन्ही शाखांत शिकविला जातो. 'लोटस' खटला हा त्यातील ठरलेला पाठ. विद्यार्थी निकालाचे सूत्र पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. या खटल्यात ज्या न्यायाधीशांनी बहुमताविरुद्ध मत नोंदविले, त्यांतील एकाचे मत काही दशकांनी करारांच्या रूपाने कायदा झाले, ही गोष्ट मात्र बहुधा वर्गात सांगायची राहून जाते. त्या न्यायाधीशाचे नाव बर्नार्ड कॉर्नेलिस योहानेस लोडर. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाचे ते पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आधारे खुल्या समुद्रावरील फौजदारी अधिकाराचा प्रश्न समजावून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. गोवा, रत्नागिरी, रायगड या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर नोकरी करीत आली आहेत. भर समुद्रात अपघात झाला तर अशा खलाशाला किंवा अधिकाऱ्याला कोणत्या देशाच्या न्यायालयासमोर उभे करायचे, हा त्यांच्या घरादाराचा प्रश्न आहे.

डच परंपरा

समुद्रावरील हक्कांचा विचार डच कायदेपंडितांनी प्रथमपासून हिरिरीने केला, यामागे त्यांचा व्यापार होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी हिंदी महासागरात परवान्याची पद्धत बसविली होती. त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना नसलेले जहाज ते पकडत. या सत्तेची पूर्वेकडील राजधानी गोवा होती. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कॅतरिना' हे पोर्तुगीज जहाज मालासह ताब्यात घेतले. त्या कृतीच्या समर्थनातून ह्यूगो ग्रोटियसचे लेखन सुरू झाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, असे प्रतिपादन करणारा त्याचा 'मारे लिबेरुम' हा ग्रंथ १६०९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मात्र समुद्र सर्वांचा म्हटला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. जेथे कोणाचेही राज्य नाही, तेथे कोणाचा कायदा चालणार? कालांतराने त्याचे उत्तर असे रूढ झाले की, खुल्या समुद्रावर प्रत्येक जहाज ज्या देशाचा ध्वज लावते, त्या देशाच्या कायद्याखाली असते. दोन निरनिराळ्या ध्वजांची जहाजे एकमेकांवर आदळली तर काय, हे मात्र या उत्तरात स्पष्ट नव्हते. लोडर यांचे नाव नेमके याच ठिकाणी येते.

रॉटरडॅमचा वकील

लोडर यांचा जन्म १३ सप्टेंबर १८४९ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. लायडन विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले व पुढे रॉटरडॅम या बंदराच्या शहरी दीर्घकाळ वकिली केली. जहाजांच्या टकरी, बुडालेल्या मालाची भरपाई, विमा, संकटातील जहाजाला मदत केल्याचा मोबदला हे बंदरातील वकिलाचे रोजचे विषय. त्या काळी प्रत्येक देशाचा सागरी कायदा वेगळा होता. एकाच टकरीचा दावा एका बंदरात लावला तर एक निकाल, दुसऱ्या बंदरात लावला तर दुसरा, अशी अवस्था होती. हे कायदे एकसारखे करावेत या हेतूने १८९७ मध्ये अँटवर्प येथे आंतरराष्ट्रीय सागरी समिती स्थापन झाली. या चळवळीत लोडर यांनी भाग घेतला, तसेच ब्रुसेल्स येथे भरलेल्या सागरी कायद्याच्या राजनैतिक परिषदांत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले.

या परिषदांचे फळ म्हणजे २३ सप्टेंबर १९१० चे दोन करार : एक जहाजांच्या टकरीविषयी व दुसरा समुद्रातील बचावकार्याविषयी. टकरीच्या कराराने असा नियम घातला की, दोन्ही जहाजांची चूक असेल तर ज्याची जेवढी चूक तेवढी त्याने भरपाई द्यावी. पण हा करार दिवाणी जबाबदारीचा होता. टकरीत माणसे मेली तर अधिकाऱ्यावर फौजदारी खटला कोणी चालवायचा, याविषयी त्यात नियम नव्हता. ही उणीव सोळा वर्षांनी प्रकर्षाने जाणवणार होती.

१९०८ मध्ये लोडर यांची नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती झाली. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने जागतिक न्यायालयाची घटना तयार करण्यासाठी कायदेपंडितांची सल्लागार समिती नेमली. १९२० च्या जून-जुलैमध्ये हेग येथे तिच्या बैठका झाल्या व लोडर तिचे एक सदस्य होते. राष्ट्रांनी आपले कायदेशीर तंटे या न्यायालयापुढे आणणे सक्तीचे असावे, अशी समितीची शिफारस होती. मोठ्या राष्ट्रांना ती मानवली नाही. अखेर ज्या राष्ट्राची इच्छा असेल त्यानेच तशी सक्ती स्वीकारावी, हा ऐच्छिक मार्ग निघाला. आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही तीच व्यवस्था आहे.

पहिले अध्यक्षपद (१९२२–१९२४)

सप्टेंबर १९२१ मध्ये न्यायाधीशांची निवड झाली. १५ फेब्रुवारी १९२२ रोजी हेगच्या शांतिप्रासादात न्यायालयाचे विधिवत उद्घाटन झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी ७२ वर्षांचे लोडर होते. नव्या न्यायालयाला मागचा कोणताही दाखला नव्हता. आपला अधिकार कोठपर्यंत जातो हेदेखील त्याला स्वतःच ठरवायचे होते. या तीन वर्षांतील तीन प्रकरणे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले, ट्यूनिस व मोरोक्को येथील नागरिकत्वाच्या हुकमांसंबंधीचे सल्लादर्शक मत (७ फेब्रुवारी १९२३). फ्रान्सने आपल्या संरक्षणाखालील या मुलुखांत जन्मलेल्या काही लोकांना फ्रेंच वा स्थानिक नागरिकत्व लादणारे हुकूम काढले. ट्यूनिसमधील माल्टावासी ब्रिटिश प्रजाजन त्यात सापडले, म्हणून ब्रिटनने हरकत घेतली. हा आमचा घरगुती मामला आहे, असे फ्रान्सचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, एखादा विषय घरगुती आहे की नाही, हे कायमचे ठरलेले नसते. आंतरराष्ट्रीय संबंध जसजसे वाढतात, तसतशी ही सीमा सरकते.

दुसरे, पूर्व करेलियाचे प्रकरण (२३ जुलै १९२३). फिनलंड व रशिया यांच्यातील या वादात रशियाने राष्ट्रसंघाची मध्यस्थी मानण्यास नकार दिला होता. पक्षकाराच्या संमतीवाचून त्याच्या वादाचा निर्णय आडमार्गाने देता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने मत देण्याचेच नाकारले.

तिसरे, 'विंबल्डन' जहाजाचे प्रकरण. हा या न्यायालयाचा पहिला निवाडा. फ्रेंच कंपनीने भाड्याने घेतलेले हे इंग्रज जहाज ४,२०० टन युद्धसामग्री घेऊन सलोनिकाहून डान्झिगला निघाले होते. मार्च १९२१ मध्ये जर्मनीने त्यास कील कालव्यातून जाऊ दिले नाही. रशिया-पोलंड युद्धात आम्ही तटस्थ आहोत, हे जर्मनीने दिलेले कारण होते. परंतु व्हर्सायच्या तहाच्या ३८० व्या कलमाने हा कालवा जर्मनीशी शांतता असलेल्या सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला केला होता. १७ ऑगस्ट १९२३ रोजी न्यायालयाने बहुमताने जर्मनीस भरपाई देण्यास सांगितले. करार करून स्वतःवर बंधन घालून घेणे म्हणजे सार्वभौमत्व गमावणे नव्हे, तर ते सार्वभौमत्वाचाच वापर होय, हा या निवाड्यातील विचार आजही उद्धृत होतो.

या तिन्ही प्रकरणांत एकच सूत्र दिसते : राज्य सार्वभौम आहे, पण त्याच्याशेजारी तितकीच सार्वभौम इतर राज्ये आहेत. लोडर यांच्या पुढील भिन्नमताचे मूळ येथेच आहे.

'लोटस' खटला : घटना

१९२५ पासून अध्यक्षपद स्वित्झर्लंडचे माक्स ह्यूबर यांच्याकडे गेले. लोडर न्यायाधीश म्हणून राहिले. २ ऑगस्ट १९२६ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलकडे, म्हणजे आजच्या इस्तंबूलकडे, निघालेली 'लोटस' ही फ्रेंच डाकबोट आणि 'बोझ-कुर्त' हे तुर्की कोळसावाहू जहाज यांची एजियन समुद्रात, किनाऱ्यापासून पाच-सहा सागरी मैलांवर टक्कर झाली. ही जागा तेव्हाच्या कायद्याने खुल्या समुद्रात मोडत होती. तुर्की जहाजाचे दोन तुकडे होऊन ते बुडाले. आठ तुर्की नागरिक मरण पावले. दहा जणांना 'लोटस'ने वाचविले.

दुसऱ्या दिवशी 'लोटस' बंदरात पोहोचली. ५ ऑगस्ट रोजी टकरीच्या वेळी पहाऱ्यावर असलेले फ्रेंच अधिकारी लेफ्टनंट देमाँ यांना जबाबासाठी बोलावून अटक करण्यात आली. तुर्की जहाजाचे कप्तान हसन बे हेही वाचले होते. त्यांनाही अटक झाली. १५ सप्टेंबर रोजी देमाँ यांना ८० दिवसांची कैद व २२ पौंड दंड झाला. हसन बे यांची शिक्षा थोडी अधिक कडक होती. म्हणजे तुर्की न्यायालयाने परकीयावर सूड उगवला, असे म्हणता येत नाही. ही बाब विद्यार्थ्यांच्या नजरेस अवश्य आणावी.

फ्रान्सने हरकत घेतली आणि दोन्ही देशांनी संमतीने वाद हेगला नेला. तुर्कस्तानच्या दृष्टीने हा केवळ एका अपघाताचा खटला नव्हता. उस्मानी काळात युरोपीय लोकांना तुर्की न्यायालयांतून सूट देणाऱ्या 'कॅपिट्युलेशन्स' नावाच्या सवलती होत्या. १९२३ च्या लोझान तहाने त्या रद्द झाल्या होत्या. लोझान येथील कराराच्या १५ व्या कलमानुसार यापुढे न्यायाधिकाराचे प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनुसार सुटणार होते. नव्या प्रजासत्ताकाच्या न्यायालयाला परकीय आरोपीचा न्याय करता येतो की नाही, हा त्याच्या प्रतिष्ठेचा सवाल होता. न्यायमंत्री महमूद एसाद यांनी स्वतः हेगला जाऊन बाजू मांडली. पुढे आडनावे सक्तीची झाली, तेव्हा त्यांनी 'बोझकुर्त' हेच आडनाव घेतले.

निकाल आणि भिन्नमत

७ सप्टेंबर १९२७ रोजी निकाल लागला. बारा न्यायाधीश सहा विरुद्ध सहा असे विभागले आणि अध्यक्ष ह्यूबर यांच्या निर्णायक मताने तुर्कस्तान जिंकले. तुर्कस्तानचे तदर्थ न्यायाधीश बहुमतात होते. ज्या पक्षाचा न्यायाधीश पीठावर नसेल, त्याला खटल्यापुरता न्यायाधीश नेमता येतो, अशी ही तरतूद आहे. पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीच्या मार्गाबद्दल भारताविरुद्ध लावलेल्या दाव्यात न्यायमूर्ती एम. सी. छागला याच नात्याने हेगला बसले होते. त्या दाव्याचा अंतिम निकाल १९६० मध्ये लागला.

बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा : राज्यांच्या स्वातंत्र्यावरील बंधने गृहीत धरता येत नाहीत, ती सिद्ध करावी लागतात. दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जाऊन सत्ता गाजविण्यास मनाई आहे, पण आपल्या हद्दीत बसून बाहेरील कृत्याचा न्याय करण्यास सरसकट मनाई नाही. शिवाय गुन्ह्याचा परिणाम तुर्की जहाजावर घडला आणि जहाज हे ध्वजराष्ट्राच्या भूमीसारखे मानले, तर गुन्हा तुर्की भूमीवरच घडल्यासारखा होतो.

७७ वर्षांच्या लोडर यांनी यास विरोध केला. त्यांच्या मताचे मुद्दे असे मांडता येतील :

(१) जे निषिद्ध नाही ते सारे मोकळे, ही मांडणीच चुकीची आहे. राष्ट्रांचे कुटुंब स्वतंत्र व सार्वभौम राज्यांचे बनलेले आहे. त्यातूनच हे निघते की, एका राज्याचा फौजदारी कायदा त्याच्या भूमीबाहेर आपोआप लागू होत नाही.

(२) राज्याचा कायदा परदेशात स्वतःच्या नागरिकामागे जाऊ शकतो. परकीयाने बाहेर केलेल्या कृत्याला तो लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

(३) गुन्हा घडण्याचे ठिकाण म्हणजे कृत्य करतेवेळी आरोपी जेथे होता ते ठिकाण. परिणाम झाला तेथेच गुन्हा घडला असे धरणे ही कायद्याने मानलेली कल्पना आहे. ती काही वेळा योग्य ठरते. सीमेपलीकडच्या माणसावर नेम धरून गोळी झाडली, किंवा उघडताच स्फोट व्हावा असे पार्सल पाठविले, तर कृत्य व परिणाम वेगळे काढता येत नाहीत. परंतु 'लोटस'चा अधिकारी 'बोझ-कुर्त'वर कधी चढला नव्हता आणि कोणाला इजा करण्याचा त्याचा हेतू नव्हता. आरोप होता तो निष्काळजीपणाचा, आणि तो निष्काळजीपणा फ्रेंच जहाजावर घडला होता.

तिसरा मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन्ही बाजू जहाजाला भूमीसारखेच मानतात. मग निष्कर्ष उलट का निघतात? बहुमत परिणामाच्या जागेकडे पाहते, लोडर कृत्याच्या जागेकडे. रॉटरडॅमच्या वकिलीतून आलेला माणूस हेतुपुरस्सर हल्ला आणि नौकानयनातील चूक यांत फरक करतो, हे स्वाभाविकच होते.

आणखी एक तपशील पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. भिन्नमत देणाऱ्या सहांपैकी अमेरिकेचे जॉन बॅसेट मूर यांना टकरीच्या मुख्य प्रश्नावर बहुमताचे म्हणणे मान्य होते. त्यांचा आक्षेप फक्त तुर्की दंडसंहितेच्या सहाव्या कलमाला होता. हे कलम परदेशात तुर्की नागरिकाविरुद्ध झालेल्या गुन्ह्याचा न्याय करण्याचा अधिकार देत होते.

भिन्नमताचा कायदा झाला

निकालाने दर्यावर्दी वर्गात अस्वस्थता पसरली. प्रत्येक बंदरात नव्या खटल्याची भीती मनात ठेवून जहाज कसे हाकायचे, असा त्यांचा प्रश्न होता. १० मे १९५२ रोजी ब्रुसेल्स येथे टकरीतील फौजदारी अधिकाराविषयी स्वतंत्र करार झाला आणि १९१० ची उणीव भरून निघाली. तोच नियम १९५८ च्या जिनिव्हा येथील खुल्या समुद्राच्या कराराच्या ११ व्या कलमात आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या ९७ व्या कलमात आला. खुल्या समुद्रावर टक्कर वा नौकानयनाशी संबंधित अन्य घटना घडल्यास कप्तान अथवा कर्मचाऱ्यावर फौजदारी वा शिस्तभंगाची कारवाई फक्त ध्वजराष्ट्र किंवा त्या माणसाचे स्वतःचे राष्ट्रच करू शकते. चौकशीसाठीही जहाज अडवून ठेवण्याचा हुकूम ध्वजराष्ट्राखेरीज कोणी देऊ शकत नाही. १९८२ चा करार १६ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आला व भारताने १९९५ मध्ये त्यास मान्यता दिली. लोडर यांचे निधन ४ नोव्हेंबर १९३५ रोजी झाले होते. हा बदल त्यांना पाहायला मिळाला नाही.

'जे निषिद्ध नाही ते मोकळे' या सूत्रावरही पुढे टीका होत राहिली. २०१० च्या कोसोव्हो प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश ब्रुनो सिमा यांनी हा दृष्टिकोन जुना व अपुरा असल्याचे आपल्या निवेदनात म्हटले.

नियमाची मर्यादा : दोन भारतीय अनुभव

हा नियम कोठे थांबतो, हे दोन घटनांवरून कळते. ७ डिसेंबर २००७ रोजी दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगरून उभ्या असलेल्या 'हेबेई स्पिरिट' या तेलवाहू जहाजावर एक भरकटलेली क्रेनवाहू बार्ज आदळली व मोठी तेलगळती झाली. जहाजाच्या भारतीय कप्तानाला व मुख्य अधिकाऱ्याला कोरियात दीड वर्ष अडकून पडावे लागले. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, डिसेंबर २००८ मध्ये अपिलात कैद झाली, एप्रिल २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैद रद्द केली आणि जूनमध्ये ते मायदेशी परतले. हा अपघात किनारी राष्ट्राच्या जलक्षेत्रात झाल्यामुळे ९७ व्या कलमाचा आधार त्यांना मिळू शकला नाही.

दुसरी घटना १५ फेब्रुवारी २०१२ ची. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'एन्रिका लेक्सी' या इटालियन जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात 'सेंट अँटनी' या नौकेवरील दोन मच्छीमार ठार झाले. ९७ व्या कलमानुसार हा अधिकार आमचाच, असा इटलीचा दावा होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या निकालात 'लोटस'ची चर्चा करून सांगितले की, मनुष्यवध ही नौकानयनाची घटना नव्हे. पुढे आंतरराष्ट्रीय लवादानेही २१ मे २०२० च्या निवाड्यात भारताकडून ९७ व्या कलमाचा भंग झाला नसल्याचे म्हटले. मात्र नौसैनिक हे इटलीचे सरकारी अधिकारी असल्याने त्यांना मुक्तता आहे, असे बहुमताने ठरवून त्याने भारतास भरपाईचा हक्क दिला. इटलीने १० कोटी रुपये दिल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने येथील फौजदारी कार्यवाही संपविली.

सीमेपलीकडे नेम धरून झाडलेली गोळी आणि नौकानयनातील चूक हा लोडर यांनी १९२७ मध्ये केलेला फरक येथे पुन्हा उपयोगी पडतो. ज्या न्यायाधीशाने फ्रेंच अधिकाऱ्याची बाजू उचलून धरली, त्याच्याच तर्काने केरळच्या मच्छीमारांच्या प्रकरणी भारताचा दावा बळकट होतो.

समारोप

लोडर यांचे मत निर्दोष होते असे समजण्याचे कारण नाही. ध्वजराष्ट्राला सर्वाधिकार दिले की प्रश्न संपतात, असे नाही. आज पनामा, लायबेरिया यांसारख्या देशांचे ध्वज लावणाऱ्या कित्येक जहाजांची मालकी भलत्याच देशात असते. अशा वेळी ध्वजराष्ट्र चौकशी मनापासून करील याची हमी काय? बुडालेल्या जहाजावरील मृतांच्या वारसांना दाद कोठे मिळणार? तुर्कस्तानने १९२६ मध्ये विचारलेला प्रश्न हाच होता आणि तो अजूनही रास्त आहे. दुसऱ्या बाजूस, चुकीला गुन्हा समजून कोणत्याही बंदरात डांबले जाण्याची खलाशाची भीतीही तितकीच खरी आहे.

वर्गात हा खटला शिकविताना विद्यार्थ्यांचे दोन गट करावेत. एका गटाने मृत आठ जणांच्या कुटुंबीयांच्या बाजूने बोलावे, दुसऱ्याने पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या. त्यानंतर ९७ वे कलम वाचून दाखवावे व त्याने कोणाचे समाधान होते, कोणाचे होत नाही, हे त्यांनाच लिहावयास सांगावे. सहा विरुद्ध सहा अशा निकालात मागे पडलेली बाजूही कारणांसह लिहून ठेवली गेली, म्हणूनच पंचवीस वर्षांनी करार करणाऱ्यांना तिचा उपयोग झाला, हेही त्यांना त्याच तासाला सांगता येईल.